दाखला आहे का?

जून उजाडला की लातुरात एकच शब्द ऐकू येतो: दाखला. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. झेरॉक्सच्या दुकानासमोर बाप उभे, मोटारसायकलवर आया बसलेल्या, आणि प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकची फाइल. आमच्या घरी मात्र हा शब्द बारमाही चालतो आणि त्याला शिक्का लागत नाही. येशूनं सांगितलेल्या गोष्टींना मराठी बायबलात दाखले म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, दहा कुमारींचा दाखला. पप्पांची समजूत अशी आहे की येशूनं दाखले संपवले नाहीत, नुसती सुरुवात करून दिली, आणि राहिलेलं काम लातूरच्या एका निवृत्त कंडक्टरवर सोपवलं.

पप्पांनी तेहतीस वर्षं एसटीत काढली. कंडक्टरच्या अंगात दोन गोष्टी भिनतात. एक, समोरच्याला कायम पुढं सरकवायचं. दोन, फुकट कुणालाच जाऊ द्यायचं नाही. त्यामुळं घरातली साधी घटनासुद्धा पप्पांच्या हातून अर्थाचं तिकीट फाडून घेतल्याशिवाय सुटत नाही. लाइट गेली, दाखला. लाइट आली, दुसरा दाखला. शर्टाच्या खिशात सुट्ट्या पैशांची डबी, कॅमेऱ्याच्या रोलची, काळी, करड्या झाकणाची. ती मात्र ते निवृत्तीनंतरही बाळगतात. अख्ख्या मराठवाड्याला सुट्टे मागण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं आपल्यावर कुणाकडं सुट्टे मागायची वेळ येऊ नये, एवढी एकच ऐहिक महत्त्वाकांक्षा त्यांनी ठेवली आहे.

आईचं या सगळ्याशी नातं स्वयंपाकघरातून आहे. कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या की पप्पांना प्रकटीकरणातले सात कर्णे आठवतात. सातवा वाजला की न्याय. आई तिसऱ्या शिट्टीलाच गॅस बंद करते. "सातव्यापर्यंत थांबले तर वरणाचाच न्याय होईल," म्हणते. एकदा ती फोडणी टाकत होती. तेलात मोहरी तडतडली आणि पप्पांनी दारातूनच धरलं: बघ बरं, हा एवढासा दाणा. एवढा विश्वास असला तर माणूस डोंगर हलवील. आई म्हणाली, "डोंगर राहू द्या तिथंच. सिलिंडर हलवा. संपत आलंय."

ताईच्या लग्नात तर कमाल झाली. हळदीच्या दिवशी (हळद आमच्यातही लागते, पिवळी आणि भरपूर) घरात साठ माणसं, आणि पप्पा ओसरीत बसून पाहुण्यांना मार्था आणि मरिया सांगतायत. मार्था कामात बुडालेली, मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, प्रभू मरियेची बाजू घेतो. आई आतून भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. "त्या दिवशी जेवण शेवटी कुणी केलं, ते लिहिलंय का कुठं?" पाळकसाहेब जेवायला बसलेलेच होते. त्यांनी ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि शास्त्रात याबद्दल मौन आहे असा निर्वाळा दिला.

आता खरं सांगायचं तर ही खोड आमच्या एकट्या घराची नाही. मराठी ख्रिस्ती माणूस चारशे वर्षं हेच करत आलाय. विलायतेतून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत आणली. अहमदनगरच्या अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला. तेव्हापासून आमच्यात पावसापासून प्लेगापर्यंत ज्याच्यातून बोध काढला नाही असं काही उरलेलं नाही. आईचं दैवत मात्र वेगळं: लक्ष्मीबाई टिळक. पप्पांचा दाखला पाच मिनिटांच्या वर गेला की ती कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढते आणि मोठ्यानं नाही, मनातल्या मनात वाचते. मधेच हसते. पप्पांना माहीत असतं की तिथं आता रेव्हरंड टिळकांची हजेरी चाललीय. ते आवरतं घेतात. कवीची ही गत, तर कंडक्टरचं काय.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा माणूस मराठवाड्यात अध्यक्ष म्हणून येणार म्हटल्यावर पप्पा पहिल्या गाडीनं गेले. फादर कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. पण त्या दिवशी पप्पांनी सोळाव्या शतकापासूनची सगळी थकबाकी माफ केली. येताना पुस्तक आणलं नाही, दाखला आणला. संमेलनाच्या नगरीला संत गोरोबाकाकांचं नाव दिलेलं. तेरचे गोरोबा कुंभार, आणि यिर्मया संदेष्ट्यालाही देवानं कुंभाराच्याच घरी धाडलेलं! हा योग पप्पांना महिनाभर पुरला. गोरोबांनी संतांची डोकी थापटून कोण भाजलंय आणि कोण कच्चं, हे पाहिलं होतं. पप्पांनी ती चाचणी आमच्या घरी सुरू केली. जेवताना मागून येऊन टपली मारायचे आणि आवाज ऐकायचे. नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं तेव्हा नामदेव रुसले होते. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, मी ताट घेऊन आत गेलो.

पण पप्पांचा सुवर्णकाळ म्हणाल तर २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरणाचा तळ दिसायला लागला. शहरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लागलं. घागर घेऊन पाचजण जमले तरी गुन्हा. बायबल हे मुळात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या लोकांचं पुस्तक आहे. विहिरी, टाक्या, दुष्काळ, मेंढरं. कोकणातल्या माणसाला त्यातलं निम्मं कळत नसावं. आम्हाला तळटीप लागत नाही. येशू याकोबाच्या विहिरीवर बसून शोमरोनी बाईकडं प्यायला पाणी मागतो, हा दाखला पप्पांनी त्या उन्हाळ्यात गल्लीत टँकरच्या रांगेत सांगितला. मागची बाई म्हणाली, "काका, त्यानं मागितलं ते ठीक, पण नंबर लावला होता का?"

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पप्पांनी हिशेब ताबडतोब पाच भाकरी आणि दोन माशांवर नेला. माझ्या आजीचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालेलं. डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये उभारलेला तो दवाखाना आमच्या घराण्यात यरुशलेमच्या खालोखाल मानाचा. तेव्हा मिरजेहूनच पाणी यावं, यात पप्पांना जराही नवल वाटलं नाही. "मिरज आपल्याला सोडत नसतं," म्हणाले. रेल्वे बघायला ते स्टेशनवर गेले. गर्दीत पाणी दिसलं नाही, पुढारी दिसले.

त्याच महिन्यात ओळखीच्या घरी लग्न होतं आणि पाळकसाहेबांनी उपदेशाला काना गावचं लग्न घेतलं, जिथं येशूनं सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. सगळ्या मंडळीचं लक्ष द्राक्षारसाकडं नव्हतंच. सहा रांजण! भरलेले! मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, लातुरात आला तर त्याला हा चमत्कार उलटा करावा लागेल.

आणि त्या उन्हाळ्यात एक फार जुना वाद परस्पर मिटला. बाप्तिस्मा शिंपडून द्यायचा की बुडवून, यावर आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं चालू आहे. आम्ही शिंपडणारे. समोरच्या गल्लीत बुडवणारे. दोघांकडं वचनं आहेत, ग्रीक शब्द आहेत, आवाज आहेत. त्या वर्षी बुडवणाऱ्यांनी कार्यक्रम दोनदा पुढं ढकलला, शेवटी जीप करून नांदेडला गोदावरी गाठायचं ठरवलं. पप्पा ईश्वरी न्याय झाल्यासारखे त्यांना निरोप द्यायला गेले. "अहो, ओंजळीत भागतंय," म्हणाले. बुडवणारे परतले तेव्हा कॅन भरून पाणी घेऊन आले आणि त्यातला एक कॅन आमच्या दारात ठेवून गेले. यावर पप्पांनी दाखला दिला नाही. चहा दिला. पाणी त्यांचंच.

एक दाखला मात्र पप्पा कधीच सांगत नाहीत. दोन माणसं घर बांधतात, एक वाळूवर, एक खडकावर. पाऊस येतो, पूर येतो, वाळूवरचं पडतं, खडकावरचं टिकतं. शब्बाथ शाळेत पोरांना हातवारे करून शिकवायला याच्यासारखा दाखला नाही, आणि मी लहान असताना पप्पा तो फार रंगवून सांगायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. त्या आठवड्यात पप्पांची गाडी औशाकडून तिकडं माणसं आणि सामान नेत होती. तिथं त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी घरात फार सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ज्यांनी दगडाच्या दोन-दोन हात रुंदीच्या भिंती बांधल्या होत्या ते भिंतींखाली गेले, आणि गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारे कितीतरी उठून बाहेर आले. पुढं शब्बाथ शाळेत तो धडा आला की पप्पा म्हणायचे, पुढच्या आठवड्यातला मी घेतो, हा तुम्ही घ्या. तीस वर्षं तुम्ही घ्या चालू आहे.

माझी मुलगी नीटला बसली तेव्हा पप्पांना पुन्हा हुरूप आला. लातूर पॅटर्नचं घर कसं असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. टीव्हीला चादर, पाहुण्यांना बंदी, आणि घरातली सगळी माणसं चवड्यांवर चालणारी. पोरीनं कंटाळून पुस्तक मिटलं की पप्पा तीन चाकरांची गोष्ट काढायचे. धन्यानं जाताना एकाला पाच वाटे दिले, एकाला दोन, एकाला एक. दोघांनी दुप्पट केलं. तिसऱ्यानं भिऊन जमिनीत पुरलं आणि आल्यावर जसंच्या तसं परत केलं. धन्यानं त्याला बाहेर हाकललं. पोरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, निगेटिव्ह मार्किंग आहे. बरोबर आलं तर चार, चुकलं तर वजा एक, सोडलं तर शून्य. तिसऱ्यानं प्रश्न सोडला. त्याचं काही वजा व्हायला नको होतं. हाकललं कामून?"

पप्पा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडं जाऊन आले. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलाजवळ उभे राहिले. "त्यानं एक प्रश्न नाही सोडला. एकशेऐंशी सोडले. सही करून कोरा पेपर देऊन आला." पोरीला ते पटलं. मलाही पटलं, आणि मी एका बँकेत तिसऱ्या चाकराचंच काम करतो.

निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि मग खरे दाखले सुरू झाले. एका कार्यालयात मी अकरा दिवस गेलो. पप्पा रोज संध्याकाळी चिवट विधवा आणि अन्यायी न्यायाधीश सांगायचे: ती रोज जायची, शेवटी वैतागून त्यानं तिचं काम केलं. पण त्या विधवेच्या काळात सर्व्हर डाउन नव्हता. वैतागायला समोर माणूस होता. सहाव्या दिवशी एका बाबूनं कागद वाचून वर पाहिलं. "ख्रिश्चन? मग आडनाव आपल्यातलं कसं काय?" मी म्हटलं, साहेब, आजोबा पणजोबा इथलेच, आडनाव काय विलायतेहून मागवायचं? पन्नास सालच्या आदेशानं ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते, मग ओबीसीत वेगळ्या नोंदीनं येतो, मग त्या नोंदीला पुन्हा पुरावा. हे सगळं मी त्याला सांगत होतो आणि मागची रांग ऐकत होती. मागचा एकजण सहानुभूतीनं म्हणाला, "देव बदलता येतो, तलाठी बदलता येत नाही."

याच धावपळीत पप्पांच्या स्वतःच्या दाखल्याचा घोळ नव्यानं वर आला. एसटीत पासष्टला अर्धं तिकीट होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर झालेल्यांना प्रवास मोफत झाला. पप्पांना ही योजना काढणाऱ्याला धर्मशास्त्राची पदवी द्यावीशी वाटली. माणूस कृपेनं तरतो, कर्मानं नाही, हे पौलानं किती पत्रांतून सांगितलं. इथं महामंडळानं एका परिपत्रकात बसवलं: पासष्टपर्यंत सगळं कर्म, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं कर्म अर्धी कृपा, पुढं निव्वळ कृपा. मार्च २०२३ मध्ये बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं, त्याला आई म्हणाली, "आम्हाला निम्मीच का, ते पौलाला विचारा."

तर घोळ असा. गावाकडच्या चर्चच्या नोंदवहीत पप्पांचा बाप्तिस्मा १३ फेब्रुवारी १९४९ चा आहे. रविवार. निजामावरची पोलीस अॅक्शन होऊन पाच महिने झाले होते. आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५०. त्या काळात पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी उंची बघून साल टाकायचे आणि तारीख सगळ्यांना एकच, १ जून. अर्धा मराठवाडा एकाच दिवशी जन्मलाय. म्हणजे सरकारी हिशेबानं पप्पांचा बाप्तिस्मा जन्माच्या सव्वा वर्ष आधी झाला. एवढ्या लवकर तारण झालेला माणूस जगात दुसरा नसेल.

चर्चच्या हिशेबानं २०२४ च्या फेब्रुवारीत पंचाहत्तर पूर्ण. पप्पा नोंदवहीची झेरॉक्स घेऊन गाडीत चढले. कंडक्टर पोरगाच होता. अदबीनं म्हणाला, "काका, आधार दाखवा." आधारवर १ जून १९५०. पप्पांनी झेरॉक्स दाखवली. त्यानं ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "काका, हा कुठला दाखला?" आयुष्यभर ज्यानं दाखले दिले त्याला हा प्रश्न. पप्पांनी अर्धं तिकीट काढलं आणि घरी येऊन आईसमोर गुरुजींचा उद्धार सुरू केला, एका अक्षरानं सव्वा वर्षाची कृपा बुडवली म्हणून. आई शेंगा फोडत होती. "याच तारखेवर मे २००८ पर्यंत नोकरी केली. खऱ्या तारखेनं सव्वा वर्ष आधी घरी बसला असता. तो पगार घेताना नाही आठवली नोंदवही?"

"ते देवानं दिलं," पप्पा म्हणाले.

"मग हे देवानं घेतलं."

ईयोबाचं अख्खं पुस्तक तिनं न उघडता अंगावर घातलं. पप्पा उठून शेंगा फोडायला बसले.

मुलीला नांदेडला प्रवेश मिळाला. तोवर १ जून २०२५ उलटून गेला होता. सामान घेऊन आम्ही तिघं निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. पप्पांचं तिकीट शून्य, पोरीचं अर्धं, माझं पूर्ण. बाकावर तीन पिढ्या आणि मधला तेवढा नियमशास्त्राखाली. चाकूर येईपर्यंत पप्पांनी एवढ्यावर अर्धा तास काढला. पोरगी हसत होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती. अहमदपूरनंतर तिचं हसणं थांबलं, नुसतं बघणं राहिलं.

हॉस्टेल, सह्या, गादी, बादली, कुलूप. ताई नांदेडचीच, तिनं सगळं बघून घेतलं. दुपारी तिनं आम्हाला सचखंड गुरुद्वाऱ्यात नेलं, लंगरला. दशमेश गुरू गोविंदसिंगांचं शेवटचं ठिकाण. पंगतीत बसलो. एक म्हातारे सरदारजी पोळ्या वाढत आले. दोन्ही हात पुढं केल्याशिवाय पोळी देईनात. माझी खात्री होती, आता पाच भाकरी येणार. ताईनं माझ्याकडं पाहिलं, तिचीही खात्री होती. पप्पांनी दोन्ही हात पुढं केले, पोळी घेतली, वरण मागून घेतलं, आणि जेवत राहिले.

हॉस्टेलच्या फाटकाशी पोरीनं आजोबांना सलाम केला. पप्पांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, कान देऊन आवाज ऐकला, मान हलवली. पक्कं की कच्चं, ते सांगितलं नाही. मग तिला दोन पावलं बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मी रिक्षा बघत होतो.

परतीच्या गाडीत पप्पा खिडकीला. लोहा गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, एका शेतात बाई एकटीच उभी. एरवी एवढ्यावर ते अहमदपूर गाठतात. मीच म्हटलं, पप्पा, मेंढराचा एखादा होऊन जाऊ द्या. नव्याण्णव इकडं, एक नांदेडला.

"हरवली नाही ती," पप्पा म्हणाले. "शिकायला गेलीय." आणि पुन्हा बाहेर.

कंडक्टर आला. पप्पांचं आधार पाहिलं, शून्याचं तिकीट दिलं. माझ्याकडं पाचशेची नोट. "सुट्टे द्या हो," तो वैतागून म्हणाला, "सकाळपासून सगळे पाचशेच काढायलेत." पप्पांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. चाचपला. दुसऱ्या खिशात गेला. खाली आला.

"डबी?" मी विचारलं.

"तिच्याकडं दिली. रिक्षावाले सुट्टे मागतेत तिथं."

"सगळी?"

"सगळी."

माझ्या तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं. मंदिरातली दानपेटी, एक गरीब विधवा, तिच्याजवळची दोन नाणी. मी पप्पांकडं पाहिलं. ते सुट्ट्यांसाठी मागच्या बाकावरच्या अनोळखी माणसाकडं हात पसरून बसले होते.

मी कंडक्टरला म्हटलं, राहू द्या, मागं लिहून द्या, लातूरला घेतो.